माती मऊ होईपर्यंत

पायस गेला तो जानेवारीत. त्या काउंटीत जानेवारीत मरण्याचा वेडेपणा कोणी करू नये, पण पायसने आयुष्यात वेळ-काळ बघून असं काय केलं होतं!

कॅनडात, ऑन्टारिओ सरोवरात पाय सोडून बसलेल्या त्या भागाला सगळे नुसतं काउंटीच म्हणतात. जवळजवळ चारी बाजूंनी पाणी. त्यामुळे उन्हाळा तिथे कधी भाजून काढत नाही, पानगळ रेंगाळते, आणि वसंत येतो तो टोरांटोत येऊन बरेच दिवस झाल्यावर, तोही अंग चोरून. हे सगळं पायसचं ज्ञान. वसईच्या वाडीत वाढलेला आणि मिसिसागाच्या कारखान्यात उमर घालवलेला हा माणूस रिटायर झाल्यावर बायकोला घेऊन इथे आला, कारण त्याला हाताखाली माती हवी होती. घरी पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी हवामान मिळायचं. वारा पाण्यावरून येतोय, म्हणजे उद्या धुकं. चंद्राला खळं पडलंय, म्हणजे परवा बर्फ. पाहुणा बिचारा मान हलवत राहायचा.

युनिसला त्यात काडीचा रस नव्हता. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात तिने जन्म काढला होता. पहाटेच्या बससाठी बर्फात उभं राहून राहून तिला थंडीचं जे काही शिकायचं ते शिकून झालं होतं. पायस खिडकीशी बसून सुरू झाला की ती मिक्सर लावायची. मिक्सर थांबला की तो पुढे चालू करायचा. असा त्यांचा संसार, आणि वाईट नव्हता.

तर हा पायस एका सकाळी चहा पिऊन खुर्चीतच गेला. मुलगा शॉन टोरांटोहून धावत आला. चर्चमध्ये मिस्सा झाली, चार गोरे शेजारी आणि मिसिसागाहून आलेले वसईकर रडले. मग सिमेट्रीची देखभाल करणारा ग्लेन टोपी हातात घेऊन युनिसपुढे उभा राहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की जमीन खोलवर गोठली आहे. हे लहानसं कबरस्तान, इथे हिवाळ्यात खणत नाहीत. मिस्टर पायसना सिमेट्रीच्या कोपऱ्यातल्या दगडी खोलीत ठेवू, जमीन मोकळी झाली की दफन करू. साधारण मे महिन्यात.

युनिसला आधी कळलंच नाही. वसईत सकाळी गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत मातीत असतो. अख्खं गाव मूठमूठ माती टाकतं, घरी येऊन पेज पितं, आणि मग बाई रडायला मोकळी होते. पेटी खोलीत ठेवून कुलूप लावतात, आणि आपण घरी जाऊन मे महिन्याची वाट बघायची, ही कुठली रीत?

शॉनने दुसरे रस्ते सांगून पाहिले. इलेक्ट्रिकवर दहन करू, चर्चची आता ना नसते. नाहीतर टोरांटोला नेऊ, तिथे मशीनने वर्षभर खणतात. युनिसने दोन्हीला नकार दिला. ही जागा पायसने स्वतः, मेपलच्या झाडाखाली उभं राहून, पसंत केली होती. त्याला इथली माती हवी होती. मग थांबायचं.

वसईहून नणंदेचा फोन आला, की नीट ठेवलं ना गं माझ्या भावाला मातीत? युनिसच्या तोंडून हो निघून गेलं. माती दगडासारखी झालीय, हे नारळीच्या सावलीत बसलेल्या बाईला फोनवरून काय समजावणार? तिकडे त्या बळावर महिन्याची मिस्सासुद्धा झाली. इकडे युनिस खोटं बोलल्याची बोच घेऊन ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसत होती.

तो २००८चा हिवाळा, आणि संपायचं नावच घेत नव्हता. सगळं झोडपून झालं म्हणावं तोवर पुन्हा बर्फ. तिचे खांदे भरून यायचे, गुडघे बोलायचे, आणि साफ केलेली वाट दुपारपर्यंत पुन्हा पांढरी व्हायची. आयुष्यात जी गोष्ट कधी केली नाही ती युनिस आता करू लागली. सकाळी उठून रेडिओवर हवामान ऐकायचं. फेब्रुवारीत दोन दिवस पाऊस पडला, पागोळ्या गळू लागल्या, तसा तिने ग्लेनला फोन केला. तो भला माणूस, हसला नाही. वरचं वितळतं मॅम, खालचं नाही, एवढंच म्हणाला. तिसऱ्या दिवशी सगळं पुन्हा काचेसारखं झालं.

रविवारी मिस्सा झाली की ती त्या दगडी खोलीपाशी जायची. लोखंडी दार, मोठं कुलूप. पहिल्या रविवारी नुसती उभी राहिली. दुसऱ्या रविवारी काहीतरी बोलायला हवं म्हणून हवामान सांगितलं. मग ते ठरूनच गेलं. पायस, वारा पाण्यावरून येतोय. पायस, शेजाऱ्याचं छप्पर बर्फाने वाकलंय. पायस, सरोवराचा बर्फ फुटला, रात्रभर आवाज येत होता. वर्षानुवर्षं तो बोलला आणि तिने मिक्सर लावला. आता ती बोलत होती आणि तो मुकाट ऐकत होता. बरं वाटायचं तिला. घरी येऊन भात टाकताना पुढच्या रविवारी काय सांगायचं ते मनात जमवायची.

एप्रिलमध्ये बर्फ गेला आणि चिखल राहिला. मग चिखलही सुकत आला. एका सकाळी ग्लेनचा फोन आला. आवाजात आनंद होता, कारण चांगली बातमी द्यायला तोही हिवाळाभर थांबला होता. जमीन मोकळी झाली आहे, शनिवारी चालेल का?

युनिसने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "नेक्स्ट वीक करू या का? अजून थंडी आहे ना."

बाहेर लोक नुसत्या शर्टात फिरत होते. ग्लेनला काय समजलं कोण जाणे, पण त्याने होकार दिला. फोन ठेवून ती पायसच्या खुर्चीत बसली आणि स्वतःवरच चिडली. जे व्हावं म्हणून हिवाळाभर रोझरी केली, ते दारात आलं तर आपण पुढे ढकललं. तिला तो शनिवार नको होता, हेच खरं. कुलपापलीकडे का होईना, नवरा होता.

पुढचा शनिवारही आलाच. फादरने प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडलं. इकडच्या पद्धतीप्रमाणे लोक गाड्यांकडे वळले. पेटी खाली सोडणं आणि माती लोटणं हे सगळे गेल्यावर करतात. युनिस हलली नाही. ग्लेन जवळ येऊन हळूच म्हणाला, की बाकीचं आम्ही बघतो.

"तुम्ही करा," ती म्हणाली. "मी बघत उभी राहते."

पेटी खाली गेली, तसं ग्लेनने माती लोटायचं मशीन बंद केलं आणि फावडं घेतलं. शॉनने कोट काढून दुसरं घेतलं. युनिसने पहिली मूठ टाकली. माती मऊ होती, पण आत अजून गार. खड्डा भरायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ ती उभी राहिली. शेवटी ग्लेनने वरचा ढिगारा फावड्याने थापून सारखा केला आणि टोपी काढली.

तिने मातीचे हात काखेत धरले होते. शॉनने आपला कोट तिच्या खांद्यावर टाकला. "मम्मा, यू आर कोल्ड. लेट्स गो. इट्स बीन फोर मंथ्स नाऊ, यू हॅव टू रेस्ट."

"चार महिने कुठले रे," युनिस म्हणाली. "डॅडी आत्ता गेला."