बरोबर आलेला हिशोब

या जगात 'शंभरातले किती?' याखेरीज विचारण्यासारखा दुसरा प्रश्नच नाही, अशी माझ्या मामांची पक्की समजूत. नांदेडकडून हैदराबादला आलेले, नोकरीभर लोकांची पगारपत्रकं बनवलेले आणि आता नल्लकुंट्यात दोन खोल्यांत राहणारे हे गृहस्थ टक्केवारीशिवाय पाणीही पीत नसत. भाजीत मीठ जास्त झालं, तर "आज वीस टक्के वर गेलं" म्हणत. उत्पन्नाचा विसावा हिस्सा समाजासाठी, हा आमच्या घरांतला जुना नेम. पण मामांनी तो रस्त्यात सापडलेल्या दहाच्या नोटेलाही लावला. पाच टक्क्यांचे झाले पन्नास पैसे, आणि पन्नास पैसे तर आता कुणी बघतही नाही. म्हणून आणखी दहा रुपये सापडेपर्यंत बुद्धविहाराच्या दानपेटीचं हे देणं त्यांनी चार महिने वहीत मांडून ठेवलं. शेवटी मामीनंच कंटाळून त्यांच्यासाठी जिन्यात दहाची नोट टाकली.

बेगम बाजारात त्यांच्याबरोबर मिरची-हळद घ्यायला जाणं ही तर शिक्षाच. व्यापाऱ्यानं मिरचीत किलोमागं दहा रुपये सोडले, की ते किती टक्के झाले हे काढून मामा तेवढेच टक्के धण्यातही मागत आणि अडून बसत. एकदा त्या बिचाऱ्यानं हातच जोडले, "चचा, जीरा मुफत ले जाव, मगर ये परसेंट नक्को!" मामांनी जिरं घेतलं नाही. शंभर टक्के सूट देणारा माणूस वजनात मारतो, असं त्यांचं म्हणणं. विद्यानगरातल्या एका कापडदुकानावर 'पन्नास टक्के अधिक वीस टक्के सूट' अशी पाटी लागली, तेव्हा ते दारात उभे राहून आत शिरणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "सत्तर नहीं भाई, साठ इच है! बीस टक्का उरे सो आधे पे है!" वॉचमननं त्यांना दंडाला धरून रस्त्यापलीकडे नेऊन सोडलं. मामी पिशव्या सांभाळत हसत होती. मला म्हणाली, "चाळीस वर्सं झाली, ह्या माणसानं एकदा बी 'साडी चांगली दिसती' म्हणलं नाही. किती टक्क्यानं पडली, तेवढं इचारतो."

मागच्या वर्षी मामीच्या पोटात गाठ निघाली आणि तिला दवाखान्यात भरती केलं. वॉर्डात सहा खाटा. शेजारची बाई सारखी कण्हायची. मामी दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "अहो, ती खिडकीची खोली घ्या ना. हितं जीव घाबरायलाय माझा." त्या खोलीचं भाडं रोजचे पाच हजार. मामांनी औषधाच्या पावतीमागं हिशोब मांडला. विमा तीन लाखांचा आणि खोलीभाड्याची मर्यादा त्याच्या एक टक्का, म्हणजे रोजचे तीन हजार. ती ओलांडली, तर नुसते वरचे दोन हजार नाही, डॉक्टरच्या फीपासून ऑपरेशनपर्यंत साऱ्या बिलातले त्याच प्रमाणात, पाचातले दोन म्हणजे चाळीस टक्के आपल्या अंगावर. बँकेत पैसे होते. पण मामी घरी आल्यावरच्या औषधपाण्यासाठी ते राखलेले. मी बँकेत नोकरी करते, त्यामुळं मामांच्या हिशोबावर शिक्कामोर्तब करायचा मान घरात माझा. कागद माझ्यापुढं धरून ते म्हणाले, "बघ माय, बराबर हाय का?" मी दोनदा तपासला आणि "बरोबर आहे, मामा" म्हणाले. मामी आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. मग "ऱ्हाऊ द्या" म्हणून तिनं भिंतीकडं तोंड केलं. आठव्या दिवशी ती त्याच वॉर्डात गेली. शेजारच्या खाटेवरच्या बाईचे पाहुणे तेव्हा डबा उघडून जेवायला बसले होते.

विम्याचे पैसे मिळाले, एक रुपयाही कापला गेला नाही. राखलेले पैसेही बँकेत तसेच पडून आहेत. मामा आता बाजारात जात नाहीत. रविवारी माझ्याकडं येतात, चहा घेतात आणि खिशातून ती पावती काढून म्हणतात, "जरा बघ बरं." मी बघते आणि बरोबर आहे म्हणून सांगते. तेवढाच त्यांच्या जिवाला आधार, असं मला वाटायचं. पण एका रविवारी माझा तोल गेला. म्हटलं, "मामा, किती वेळा तपासू? यात चूक नाही हो!"

त्यांनी पावतीची घडी घातली. "तेच तर हाय ना माय. चुकला असता, तर तिची माफी मागितली असती. बराबर आलेल्या हिशोबाची माफी कशी मागत्यात?"

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. माफी तर मलाही मागायची होती.