वाफ्यात पाय न ठेवणारी आर्मेल

फ्रान्सच्या किनाऱ्यावर, गेरांदच्या मिठागरांच्या टोकाला आमचं केरग्वेन गाव. तिथल्या इव्होनची मुलगी आर्मेल सोळाव्या वर्षी सिनेमात दिसली. तिच्या घरचे मिठाचे वाफे आणि माझे वाफे यांच्यात एकच बांध आहे, म्हणून जे झालं ते मी जवळून पाहिलं.

पॅरिसहून बेरेनिस नावाची तिशीची बाई आली होती. तिचा पहिलाच सिनेमा, आणि तोही वयात येणाऱ्या मुलींवर. नायिकेसाठी तिने चाळीस मुली पाहिल्या. बाकीच्या विचारलं की लगेच उत्तर देत. आर्मेल आधी थांबत असे. बेरेनिसला ते थांबणं आवडलं, तिने तिलाच निवडलं.

पण आर्मेल थांबून शेवटी नेहमी होच म्हणायची. ते आम्हाला ठाऊक होतं, बेरेनिसला नव्हतं. रड म्हटलं, ती रडली. केस काप म्हटलं, तिने कापले.

“सोललेली कोंबडी दिसतेस,” तिची आई रोझेन म्हणाली.

“पडद्यावर छान दिसतं, ममा.”

“मग पडद्यावरच जेव आज.”

तरी पोरगी खुश होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्याकडे दिवसभर बघत होतं.

शेवटचं दृश्य ऑगस्टात, उन्हं उतरताना घ्यायचं होतं. नायिका घर सोडते आणि वाफ्यातून पाणी उडवत धावत सुटते. बेरेनिसला ते नुसतं घोट्याएवढं पाणी वाटत होतं. त्याच्याखाली चिकणमातीचा तळ असतो, वसंतात अनवाणी उतरून, हातांनी थापून गुळगुळीत केलेला. एकदा मीठ धरू लागलं की आमच्यातलं कुणी आत पाय घालत नाही. बांधावर उभं राहून लांब दांड्याने वरची मिठाची पांढरी साय ओढून घ्यायची, बस्स. एक पाऊल पडलं की माती वर येते, मीठ काळवंडतं.

इव्होनने परवानगी दिली होती. “एक वाफा गेला तर गेला. पोरगी रोज थोडीच सिनेमात येते?”

कॅमेरा लागला. आर्मेल पिवळा फ्रॉक घालून बांधाच्या कडेला आली आणि उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, थांबते आहे नेहमीसारखी.

“मी आत नाही जाणार,” ती म्हणाली.

बेरेनिस हसली. “अगं, हाच तर सिनेमा आहे. मुलगी पहिल्यांदा नियम मोडते.”

“नियम नाही तो. पपांचे गुडघे आहेत ते. एप्रिलभर ते यात रांगत होते.”

“मी हो म्हटलंय ना, पोरी,” इव्होन मागून म्हणाला.

“तुम्ही म्हटलंय. मी नाही म्हटलेलं.”

बेरेनिसने कॅमेरा थांबवायला सांगितलं. मग शांतपणे म्हणाली, “तू नसशील तर दुसरी धावेल. शेवट मी सोडू शकत नाही.”

आर्मेलने ठीक आहे अशी मान हलवली आणि फ्रॉक बदलायला निघून गेली.

त्या संध्याकाळी इव्होननेही परवानगी मागे घेतली, आणि बेरेनिसने आर्मेलला परत बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी तोच पिवळा फ्रॉक घालून ओसेआन, आइस्क्रीमच्या टपरीवरची मुलगी, समुद्रकाठच्या उथळ पाण्यातून धावली. कॅमेऱ्यात दिसली ती पाठमोरीच.

हिवाळ्यात गावच्या सभागृहात सिनेमा दाखवला. शेवटी टाळ्या झाल्या. पाववाल्या मार्टिनबाईंनी आर्मेलच्या दोन्ही गालांची चुंबनं घेतली. “काय धावलीस गं! मला माझं सोळावं आठवलं.”

“ती ओसेआन होती, मादाम.”

“असू दे की. कुणाला कळतंय?”

पण आर्मेल ज्याला त्याला तेच सांगत दारापर्यंत गेली. लोक जरा हिरमुसले.

बाहेर गाडीत बसल्यावर इव्होनने विचारलं, “वाईट वाटलं?”

“हो,” ती म्हणाली. “फार वाटलं. शेवटच्या दृश्यात मीच हवी होते, पपा.”

आजवर वाईट वाटलं का विचारल्यावर ती नाही म्हणून मोकळी व्हायची. इव्होनने गाडी सुरू केली नाही. ती रडून होईपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.