टेबलाखालचं इंग्रजी

इंग्रजी ही भाषा खुर्चीवर बसून येत नाही, तिच्यासाठी माणसाला चालावं लागतं, वाकावं लागतं आणि वेळ आली तर टेबलाखालीही शिरावं लागतं, असं मनापासून मानणारा माणूस साऱ्या कोल्हापुरात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. नात्यानं ते माझे मामेसासरे. शाळेत अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले; अंगानं काडी, आवाजानं नगारा. डोक्यावर काळी टोपी, कोटाच्या एका खिशात खडू आणि दुसऱ्यात भाजलेले शेंगदाणे. ज्याचं उत्तर बरोबर येई त्याला ते एक शेंगदाणा देत आणि चुकलेल्या उत्तराचा स्वतः खात. आमच्या वर्गाच्या पहिल्याच महिन्यात मामांची तब्येत चांगली सुधारली.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो नोकरीपायी. संस्थान विलीन होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. तोवर आमच्या कचेरीचा कारभार मराठीतच चाले. अर्ज मराठीत, शेरा मराठीत, आणि रागावणं तर खास कोल्हापुरीत. मग धारवाडकडचे एक साहेब आले. त्यांना मराठी येत नव्हतं, आम्हाला कानडी येत नव्हतं. मधे उरलं इंग्रजी, ते फक्त त्यांना येत होतं. त्यांनी सहा महिन्यांची मुदत दिली. त्यानंतर ते एकेका कारकुनाला समोर बोलावून इंग्रजीत बोलायला लावणार होते, आणि ज्याला जमणार नाही त्याची रवानगी तालुक्याच्या गावी, खालच्या जागेवर. माझे वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते आणि त्यांचे डॉक्टर कोल्हापुरात. बदली म्हणजे त्यांचं औषधपाणी तुटणार, हे मला दिसत होतं. इंग्रजी मला वाचता येई, लिहिताही येई थोडंफार, पण बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटे. बायकोनं हे मामांच्या कानावर घातलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मामा आमच्या दारात उभे.

"जावईबापू, उद्यापासून वर्ग. पण एकटे येऊ नका. एकट्याला भाषा येत नसते, भांडायला तरी दुसरा माणूस लागतो."

म्हणून मी चौगुल्यांना बरोबर घेतलं. चौगुले कचेरीत माझ्या शेजारी बसत. मूळचे कागलचे, रोज पहाटे तालमीत घाम गाळून येणारे, आणि खुर्चीत बसले की खुर्ची दिसेनाशी होई असा त्यांचा देह. "मला येतंय की इंग्रजी," ते वाटेत म्हणाले, "येस हाय, नो हाय. मधलं तेवढं ऱ्हायलंय."

मामांच्या घरात शिरलो तर सगळीकडे चिठ्ठ्या. दाराला 'डोअर', खुंटीला 'पेग', पाटाला, पाट्याला, वरवंट्याला, एवढंच काय, झोपलेल्या मांजराच्या गळ्यातसुद्धा दोऱ्यानं बांधलेली 'कॅट'. ज्या वस्तूचं नाव सांगता येईल तीच वस्तू मिळायची, हा त्या घराचा कायदा. एकदा मामींनी आम्हाला जेवायला ठेवून घेतलं. आमटी अळणी होती. मीठ समोरच, पण त्याला काय म्हणतात ते काही केल्या आठवेना, आणि मामांनी बरणीवरची चिठ्ठी भिंतीकडे फिरवून ठेवलेली. मामींना माझी दया येत होती, पण मामा त्यांच्याकडे बघत होते. मी ती आमटी तशीच संपवली. शेवटचा घास गिळला आणि 'सॉल्ट' आठवलं. तो शब्द मी आजतागायत विसरलेलो नाही. या चिठ्ठ्यांचा नाद पुढे इतका वाढला की एका सकाळी दारात धार काढायला आलेल्या गवळ्याच्या म्हशीच्या शिंगाला मामांनी 'बफेलो' बांधून टाकलं. गवळी बिचारा कागद बघून हादरला. त्याला वाटलं सरकारनं म्हैस जप्त केली. चौगुल्यांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं, "काय न्हाय पावणं, तिचं नाव लिवलंय नुसतं." तो म्हणाला, "तिचं नाव चंद्री हाय." मामांनी ते ऐकलं आणि त्याच म्हशीच्या जिवावर आम्हाला तासभर सामान्यनाम आणि विशेषनाम शिकवलं. दूध तापवायला त्या दिवशी उशीर झाला.

शब्दयोगी अव्ययांचा धडा मात्र टेबलावर, टेबलाजवळ आणि टेबलाखाली झाला. मामा विचारत, "व्हेअर आर यू?" आणि आपण जिथं असू तिथून इंग्रजीत उत्तर द्यायचं. 'नियर' झालं, 'बिहाइंड' झालं. 'अंडर'ची पाळी चौगुल्यांवर आली. ते कसेबसे आत शिरले आणि उत्तर द्यायच्या आतच अडकले. मी एक हात ओढला, मामांनी दुसरा ओढला, पण उपयोग झाला नाही. शेवटी चौगुल्यांनी तालमीतला दम घेतला आणि टेबल पाठीवर घेऊन ते सरळ उभे राहिले. दौत कलंडली, वह्या पडल्या. मी मामांकडे बघितलं, आता काय बोलणी बसतात म्हणून. मामांनी शांतपणे विचारलं, "चौगुले, व्हेअर इज द टेबल?"

"द टेबल इज ऑन मी," चौगुले म्हणाले.

मामांनी खिशातले सगळे शेंगदाणे त्यांच्या ओंजळीत ओतले. चौगुल्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं अख्खं इंग्रजी वाक्य, आणि तेही बिनचूक.

काळ शिकवायला मामांनी अंगणात खडूचे तीन चौकोन आखले होते. मागचा कालचा, मधला आजचा, पुढचा उद्याचा. क्रियापद बरोबर आलं की पुढं सरकायचं, नाही आलं तर तिथंच थांबायचं. 'गो'चं काल काय होतं ते मला एका सकाळी अर्धा तास आठवलं नाही. मामी चहा घेऊन आल्या तर मामा म्हणाले, "त्यांना आज देऊ नका, ते अजून कालच्यात आहेत." कप आजच्या चौकोनात ठेवला गेला आणि मी कालच्यात उभा राहून त्याच्या वाफेकडे बघत बसलो. शेजारीपाजारी कुंपणावरून हे बघत. मोठे झालेले दोन बाप्ये अंगणात लंगडी खेळतात, अशी आमची पेठेत ख्याती झाली. मला लाज वाटे. रात्री वडिलांच्या उशाशी बसलो की मनात येई, या खेळात सहा महिने जायचे आणि शेवटी आपली बदली व्हायची.

तो दिवस आला. साहेबांनी आधी मलाच बोलावलं. यापूर्वी कुठे काम करत होता, त्यांनी इंग्रजीत विचारलं. जीभ नेहमीसारखी चिकटली, पण माझा पाय आपोआप एक पाऊल मागे गेला आणि पायाच्या पाठोपाठ 'वर्क्ड' बाहेर पडलं. आता काय काम करता? पाय जागेवर आला, वाक्यही आलं. पुढे काय करण्याचा विचार आहे? मी पुढे सरकलो ते साहेबांच्या टेबलाला माझं पोट टेकलं. साहेब टेबलावरून वाकून माझ्या पायांकडे बघत होते. त्यांनी विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? "माय वाइफ्स अंकल, सर," मी म्हणालो. ते हसू दाबत म्हणाले, तुमच्या पायांना इंग्रजी उत्तम येतं, जीभही शिकेल हळूहळू, इथंच राहा. माझ्यानंतर चौगुले गेले. साहेबांनी त्यांना विचारलं की परवाची फाइल कुठे आहे, आणि चौगुल्यांनी "अंडर युवर एल्बो, सर" म्हणून ती दाखवली. दोघेही सुटलो. छातीवरची शिळा कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटत होतं.

बाहेर आलो तर समोरच्या चहाच्या दुकानापाशी छत्री घेऊन मामा उभे. दुकानदार म्हणाला, सकाळपासून इथंच आहेत, चहासुद्धा घेतला नाही. मी सांगितलं, दोघेही पास. मामा फळीवर बसले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "जावईबापू, शाळेत मी असं कधी शिकवलं नाही. अठ्ठावीस वर्षं छडीनं शिकवलं. निवृत्त झाल्यावर एकदा गुळाच्या पेठेत गेलो. तिथं माझा एक जुना विद्यार्थी, आता मोठा व्यापारी. मला बघितलं आणि त्यानं दोन्ही हात पाठीमागे लपवले. चाळिशीचा माणूस. त्याचं त्यालाही कळलं नसेल. त्या दिवशी घरी येऊन मी छडी चुलीत घातली. पण या खेळांनी खरंच कुणाला भाषा येते का, ते मला आजपर्यंत ठाऊक नव्हतं."

चौगुल्यांनी तीन चहा सांगितले. मामांनी दिवसातला पहिला चहा बशीत ओतून घेतला.

पंधरा दिवसांनी चौगुले आणि मी त्यांना त्या पेठेत घेऊन गेलो. व्यापारी गादीवरून उतरून पाया पडला. मामा म्हणाले, "तुला फार मारलं मी." तो म्हणाला, "व्हय मास्तर, हात लई सुजायचा." मग थोडं थांबून म्हणाला, "माझ्या पोरीला शिकवायला येशिला काय? तुमी आता मारत न्हाय म्हनं." चंद्रीच्या गवळ्यानं ती बातमी थेट गुळाच्या पेठेपर्यंत पोचवली होती. मामा दोन वर्षं त्या मुलीला शिकवायला जात होते.

पुढे मुलानं त्यांना गडहिंग्लजला नेलं. माझे वडील गेल्यानंतरच्या दिवाळीत मी मामांना भेटून आलो. डोळे अधू झाले होते, तरी एसटीपर्यंत सोडायला आले. "पोचल्यावर पत्र टाका," म्हणाले. मी गमतीनं विचारलं, "कोणत्या भाषेत?"

मामांनी जरा विचार केला. "मराठीतच टाका," ते म्हणाले. "मला आता सोपं पडतं."

मी मराठीत टाकलं. मामींचं उत्तर आलं, मामांनी माझं पत्र त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं म्हणून.