दवाखान्याच्या आवारातील चूल

लेखणी हाती धरण्याचे वय उलटून गेल्यावर हे लिहावयास बसले आहे, त्यामुळे संकोच वाटतो. त्या दिवसांत माझी श्रद्धा फारशी भक्कम नव्हती, हे आधीच सांगितलेले बरे. जळगावच्या मुलींच्या शाळेत मी शिकवीत असे. आमच्या खानदेशच्या कुलदेवीपुढे, कानबाईपुढे, हात जोडीत असे, पण ती ऐकते की नाही याविषयी मनातून साशंक होते.

महायुद्धापूर्वीची, पेनिसिलीनचे नावही आमच्या भागात कोणी ऐकले नव्हते तेव्हाची ही हकिकत. माझी सात वर्षांची यमू न्यूमोनियातून उठते न उठते तोच पुन्हा तापाने फणफणली. उजव्या छातीत पू साचला होता. चाळीसगावला गाडी बदलून आम्ही तिला धुळ्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म देऊन बरगडीचा तुकडा काढला आणि पू वाहून जावा म्हणून कुशीत रबरी नळी बसविली. ताप उतरला. यजमान निश्चिंत मनाने कामावर परतले. खरी कसोटी मात्र पुढेच होती.

पुवाखाली दबलेले फुप्फुस पुन्हा फुलावयास हवे होते. त्यासाठी दोन बाटल्या दिल्या होत्या. त्यांना जोडलेल्या नळीतून जोराने फुंकले की एकीतले पाणी दुसरीत जाई. यमू त्या नळीला तोंडच लावीना. कुशीतली रबरी नळी दुखते, म्हणजे हीसुद्धा दुखणारच, अशी तिची समजूत. मी गोडीने सांगितले, रागावले, शेवटी रडले. डॉक्टर म्हणाले, "बाई, सोमवारपर्यंत फुप्फुस उघडलं नाही, तर आणखी बरगड्या काढाव्या लागतील." त्या अशक्त देहाला पुन्हा क्लोरोफॉर्म सोसणे कठीण, हे मलाही दिसत होते.

गुरुवारी सकाळी यमूला मांडीवर घट्ट धरून मी ओसरीवर कानबाईचा धावा करीत बसले. समोरच्या आवारात रुग्णांचे नातलग तीन दगडांच्या चुली मांडून स्वयंपाक करीत. शिंदखेड्याकडची एक वृद्ध अक्का तेथे होती, बैलगाडीखाली पाय मोडलेल्या नवऱ्याच्या शुश्रूषेसाठी आलेली. तिला स्वतःला दमा. काटक्या ओलसर, हातात फुंकणी, आणि फुंकावयास छातीत दम नाही. तिने मान वर करून आमच्याकडे पाहिले. मग सरळ यमूलाच म्हणाली, "पोरी, मनी चूल फुकी दे ना वं. तुनी माय ते दिनभर देव देव करस, चूल कोन फुकी?"

मला नाही म्हणावयाचे होते. धूर, राख, कुशीतली ती नळी. परंतु अनोळखी वडीलधाऱ्या बाईला तोंडावर नकार देण्याचे धाडस माझ्यापाशी कधीच नव्हते. मी शब्द जुळवीत राहिले, तोवर यमू कुशीवर हात धरून उठलीसुद्धा. अक्काने तिला धूर लागणार नाही अशा बाजूस बसविले आणि लोखंडी फुंकणी हाती दिली. फुंकणी तर तिने घरी रोज पाहिलेली. तिचे भय कसले? पहिल्या फुंकरीने नुसती राख उडाली.

"तुन्यापेक्षा मनी कोंबडी जोरमा फुकस," अक्का म्हणाली.

यमूला राग आला. तिने छाती भरून घेतली, कळ आली तशी थांबली, आणि पुन्हा फुंकले. निखारा लाल झाला, काटकीने पेट घेतला. यमू हसली. आजारी पडल्यापासून ते हसू मी ऐकले नव्हते.

संध्याकाळी शेजारच्या चुलीवरून तिला बोलावणे आले, दुसऱ्या दिवशी आणखी दोन ठिकाणांहून. जो तो आपली चूल यमूसाठी राखून ठेवू लागला. रविवारी तिने आपण होऊन बाटल्या मागितल्या आणि सगळे पाणी या बाटलीतून त्या बाटलीत ढकलले. सोमवारी डॉक्टरांनी पाठीवर बोटे ठोकून पाहिली, बराच वेळ कान दिला, आणि म्हणाले, "फुललं की! आता ही नळी कशाला?" बातमी आवारात पोहोचली तेव्हा चुलीवरची भांडी तशीच टाकून बायाबापड्या ओसरीवर धावत आल्या.

मी अक्काच्या पाया पडले. ती ओशाळून म्हणाली, "मन्या भाकरी शेकाई गयात, मी काय कयं?"

तिचे म्हणणे खरेच होते. तिला केवळ भाकरी भाजावयाच्या होत्या. मी देवीपाशी मागत बसले होते, आणि उत्तर आले ते कोणीतरी माझ्या लेकीपाशी काही मागावे या रूपाने. मुलीला मांडीवरून सोडण्याइतका विश्वास माझ्यापाशी नव्हता. तेवढी उणीव माझ्या भिडेने भरून काढली. याला कृपा म्हणावे की नाही, हा वाद मी कोणाशी घालणार नाही. सोडल्यावाचून ती मला परत मिळाली नसती, एवढेच मला कळले.

जळगावला परतलो तेव्हा शेजारणी दबक्या आवाजात चौकशी करावयास जमल्या होत्या. टांग्यातून उतरताच यमूने गल्लीच्या टोकाला दिसलेल्या मैत्रिणीला अशी आरोळी ठोकली की टांग्याचा घोडासुद्धा बिचकला. मुलीच्या जातीने हळू बोलावे, असे मीच तिला नेहमी दटावीत असे. त्या दिवशी ती आरोळी विरेपर्यंत मी ऐकत उभी राहिले, आणि कानबाईला मनोमन म्हणाले, हा श्वास तुझा आहे, बाई; त्याला मी आवर घालणार नाही.