व्यायामाचे दोन क्रेडिट

जोलीन,

तू सहा वर्षांत काय काय शिकलीस त्याची यादी माझ्यापुढे आहे. बीजगणित दोनदा, भाषण, समाजशास्त्र, युरोपातल्या चित्रांचा इतिहास. ज्या कागदावर ‘अपूर्ण’ असा शिक्का आहे तो हातात धरायचीही मला शिसारी येते.

एवढं लिहून व्हर्ना हॉल्सीने पेन खाली ठेवलं. शिकवण्यातून निवृत्त होऊनही ती आठवड्यातले दोन दिवस ओहायोतल्या त्या छोट्या कम्युनिटी कॉलेजात मुलांचे निबंध तपासून द्यायला जाई. जोलीन टिबेट्स तिथेच भेटली होती, सत्तेचाळीस वर्षांची, वृद्धाश्रमात मदतनीस. म्हाताऱ्यांना उचलायचं, धुवायचं, कूस बदलून द्यायची. हेच काम ती एकवीस वर्षं करत होती. तिला नर्स व्हायचं होतं. नर्सिंगला प्रवेश हवा तर आधी सर्वसाधारण शिक्षणाचे सगळे विषय पुरे करा, असा नियम. दर सहामाहीला एक विषय, असं करत तिने ते संपवत आणले होते.

मध्येच तिची आई आजारी पडली आणि जोलीनने वर्षभरासाठी कॉलेजातून नाव काढून घेतलं. आईचं शेवटचं सगळं करून परत आली, तर समुपदेशक केंड्राने गोड आवाजात सांगितलं की तुम्हाला आता नव्या प्रॉस्पेक्टसचे नियम लागू. वर्षभर गैरहजर राहिलं की जुन्या नियमांवरचा हक्क जातो. नव्यात एका सक्तीच्या विषयाची भर पडली होती: ‘आयुष्यभर तंदुरुस्ती’, दोन क्रेडिट, मंगळवार-गुरुवार सकाळी दहा वाजता. जोलीनची कामाची पाळी सकाळी सहालाच सुरू होई.

“म्हणजे मी व्यायाम करते हे सिद्ध करायचं?” जोलीनने व्हर्नाला विचारलं. ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते. “मिसेस हॉल्सी, सकाळपासून नऊ माणसं उचललीत मी. त्यातला एक एकशे वीस किलोचा. आता मला पायाची बोटं धरायला शिकवणार?”

व्हर्नाला हसूही आलं नाही. ज्यांनी हा नियम केला त्यांच्यापैकी एकाने तरी कधी एखाद्या माणसाला खाटेवरून खुर्चीत बसवलं होतं का, हा प्रश्न तिने केंड्रालाही विचारला. केंड्रा म्हणाली, नियम राज्याचा आहे. डीन म्हणाले, कॉलेजचा आहे, पण सूट मागता येते. शुक्रवारी दुपारपर्यंत वृद्धाश्रमाच्या संचालिकेचं पत्र आणून द्या, कामाचं स्वरूप सविस्तर लिहून.

जोलीनला पत्र मागायचीच लाज वाटत होती. “मी माणसं उचलते याचा दाखला कुणाकडे मागू?” असं म्हणून ती दोन दिवस अडून बसली. शेवटी व्हर्नाने तिला झापलं, तेव्हा मागितलं. गुरुवारी तिला लागोपाठ दोन पाळ्या होत्या, म्हणून ठरलं की पत्र व्हर्नाने आणायचं आणि डीनकडे पोचवायचं.

बुधवारी दुपारी केंड्राची मेल आली. नर्सिंगच्या जागा विषय पुरे असलेल्यांना दिल्या गेल्या. सूट मागणाऱ्या अर्जाच्या निर्णयाला तीन आठवडे लागतील, तेव्हा यंदा उपयोग नाही. शुभेच्छा, आणि शेवटी हसरा चेहरा.

जोलीनने फोन केला. “उद्या येऊ नका. तुम्हाला उगाच हेलपाटा.”

“अगं, पुढच्या वर्षासाठी लागेलच ना ते पत्र.”

“पुढच्या वर्षी पुन्हा प्रॉस्पेक्टस बदलेल. तुम्ही कॉफी प्या, मिसेस हॉल्सी.” फोन ठेवण्याआधी तिने थांबून विचारलं, “त्या चित्रकाराचं नाव काय हो, ज्याच्या चित्रात बाई दूध ओतते? परीक्षेत आलं होतं मला. गेलंच डोक्यातून.”

व्हर्नाने सांगितलं. फोन बंद झाला.

गुरुवारी व्हर्ना गाडीची किल्ली घेऊन दारापर्यंत गेली, आणि परत येऊन बसली. मनात संताप इतका होता की संचालिकेशी नीट बोलता आलं नसतं. सोमवारी जाऊ, असं ठरवलं. सोमवारी निबंधांचा गठ्ठा होता, जाणं राहिलंच.

संचालिकेने पत्र गुरुवारीच लिहून ठेवलं होतं, असं पुढे कुणीतरी सांगितलं. आश्रमाच्या दाराशी, स्वागताच्या टेबलावर, व्हर्नाच्या नावाने.