दुखलं तर दाखवा

"कॅम्प डोळ्यांचा आहे. पाय कशाला बघतेस?" आमचे कोऑर्डिनेटर सर म्हणाले.

वास येत होता, म्हणून बघत होते.

लोहाऱ्यात आमच्या संस्थेचं शिबिर चालू होतं. म्हाळाप्पा मामा चष्म्याचा नंबर काढायला आले होते. मेंढरं राखतात. लांबचं मेंढरू आपलं की दुसऱ्याचं, तेच कळेना झालेलं. डोळ्यांच्या मॅडमनी तपासलं. "चष्म्यानं काही होणार नाही. डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके आहेत. शुगर बघा."

बोटाला सुई टोचली. आकडा तीनशेच्या वर.

साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. डोळ्यातल्या, किडनीतल्या. पायाच्या नसा मरतात. हृदयाकडच्या, मेंदूकडच्या मोठ्या वाहिन्याही सुटत नाहीत. रोग एकच. आम्ही मात्र अवयव वाटून घेतलेत. आमच्या फॉर्मवर सगळे रकाने डोळ्यांचे.

"मामा, लघवीला फेस येतो का?"

"येतोय की. त्याचा अन् चष्म्याचा काय संबंध गं?"

होता. काडी बुडवून तपासलं, तर लघवीतून प्रथिनं चालली होती. म्हणजे किडनीची चाळण ढिली पडलेली.

"चप्पल काढा."

डाव्या टाचेला रुपयाएवढं भोक. कडा काळ्या.

"टाच फुटली म्हणून म्याच बिबा घातला," मामांच्या बायको, गिरजा मावशी म्हणाल्या. बिबा तापवून त्याचं तेल भेगेत सोडतात. धडधाकट माणूस त्या चटक्यानं उडी मारतो. "हे गप बसलेले. म्हणलं, माणूस लई घट्ट हाय."

मामांना डोळे मिटायला सांगितलं. नायलॉनचा धागा तळव्याला टेकवला. "लागलं की सांगा."

मामा वाट बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, लाव की आता."

मी सातव्यांदा लावत होते.

मग मात्र माझं डोकं फिरलं. "एवढं होईस्तोवर दाखवलं का नाही? गावात आमचं पत्रक आलं होतं ना?"

मावशींनी पिशवीतून पत्रक काढलं. घडी घालून नीट जपलेलं. "शेजारच्या सुनंकडनं वाचून घेतलंय. पाय दुखला तर दाखवा, म्हणलंय. ह्यांचा कुठं दुखतोय?"

ते पत्रक मी लिहिलं होतं. संस्थेत त्याची तारीफ झाली होती.

सरांना म्हटलं, "गाडी पाहिजे. यांना आत्ता धाराशिवला न्यायचंय."

"गाडीत चष्म्यांची खोकी आहेत."

"उतरवू."

उतरवली. आता मामाच अडून बसले. "मेंढरं कोण बघंल?"

"म्या बघते," मावशी म्हणाल्या. "पाय गेल्यावर काय, मेंढरं तुमाला पाठीवर घिऊन हिंडणार हायती का?"

मामा गाडीत बसले.

दवाखान्यात जखम खरवडून साफ केली, इन्सुलिन चालू झालं. टाचेचा लचका गेला, पाय राहिला. डोळ्यांना लेझर दिलं. होती तेवढी नजर टिकली, गेलेली परत आली नाही. किडनीची गोळी आता कायमची. मावशी रोज सकाळी त्यांचे तळवे हातानं चाचपून बघतात. मामा म्हणतात, "म्या मेंढरं मोजतो, तसं ही रोज माझं पाय मोजतीय."

फॉर्मवर पायाचा रकाना आला. पत्रकातलं वाक्यही बदललं: 'पाय दुखत नसला तरी चप्पल काढून दाखवा.' नवीन पत्रक छापणं सोपं होतं. जुनं ज्या ज्या गावात वाटलं, त्यांची यादी माझ्याकडे आहे. तिथं परत जातेय, लोकांना चप्पल काढायला लावतेय.