बिलामागची नावं

राबियाला हट्टी म्हणणारे धामणगाव बढ्यात पुष्कळ आहेत. त्यातल्या निम्म्यांची कामं तिनेच करून दिली आहेत, पण ते जाऊ द्या. अशा गोष्टी लक्षात ठेवायची आपल्याकडे फारशी सवय नाही.

तिचे वडील गुलाम रसूल यांचं बसस्टँडसमोर बियाण्याचं दुकान. मे संपत आला की आसपासच्या वस्त्यांवरून कपाशीच्या पिशव्या न्यायला माणसं येत, पण एका गल्लीतून एकच. पाच घरांनी पाच जणांचा दिवस कशाला मोडायचा? ज्याची मोटारसायकल चालू असेल तो सगळ्यांच्या पिशव्या घेऊन जाई. बिलावर नावाची रेघ एकच, म्हणून बिलही त्याच्याच नावाने फाटे. गुलाम रसूल मात्र आपल्या प्रतीच्या पाठीवर लिहून ठेवत, कोणत्या पिशव्या कोणत्या घरी गेल्या ते. बी उगवलं नाही तर भांडायला कोण येणार हे आधीच ठाऊक असलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. राबिया चौथीत गेली तसं हे काम तिच्याकडे आलं, कारण तिचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि वडिलांचं त्यांना स्वतःलाही लागत नसे. उकंडराव आठ, रुखमाबाई चार, असं ती जीभ बाहेर काढून लिहीत बसायची. पुढे अळी लागत नाही म्हणून बीटी बियाणं आलं, पिशव्यांवरची चित्रं बदलली, रीत तीच राहिली. तालुक्यातले बाकीचे दुकानदारही असंच करत.

राबिया इंजिनिअर झाली आणि पाच वर्षं पुण्यात राहिली. तिथे तिचं काम एकच होतं. दोन कचेऱ्यांचे कॉम्प्युटर एकमेकांचं बोलणं समजत नसले की मध्ये बसेल, इकडचं घेईल, नीट लावेल आणि तिकडे कळेल असं देईल, असा प्रोग्राम लिहायचा. त्याला इंटिग्रेशन मिडलवेअर म्हणतात. मग एक दिवस ती सामान घेऊन परत आली. आई अमीनाचे गुडघे गेले, असं कारण तिने सगळ्यांना सांगितलं. खरं कारण एवढंच की तिला परत यायचं होतं, आणि त्याचा खुलासा द्यायला ती कुणाला बांधील नव्हती.

गावात हिंमतरावांनी शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी काढली होती. ते अध्यक्ष. एक खोली, दोन कॉम्प्युटर, भिंतीवर हिंमतरावांचे सत्काराचे सहा फोटो. राबिया तिथे कामाला लागली.

२०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळी आली. अळी लागत नाही म्हणून जे बी घेतलं, त्याच कपाशीचं बोंड फोडावं तर आत अळी आरामात पडलेली. शेतंच्या शेतं गेली. ज्याला-त्याला तक्रार नोंदवायची होती आणि तक्रारीला तीन गोष्टी लागत होत्या: बियाण्याचं बिल, पिशवीचा लॉट नंबर आणि जमिनीचा सातबारा. तीन गोष्टी तीन ठिकाणी. दुकानांची बिलं वेगळ्या यादीत, सातबारे वेगळ्या, कंपनीचे सभासद आणखी वेगळ्या. ह्या सगळ्यांना जोडणारी वेब सर्व्हिस कंपनीने बनवायची आणि महिनाअखेरीला तालुक्याच्या कचेरीत यादी द्यायची, असं ठरलं. यादीत ज्याचं नाव नाही त्याची तक्रार नाही.

इथे गजेंद्र आला. हिंमतरावांचा भाचा, आपल्याच जिल्ह्यातल्या उंद्रीचा, दहा वर्षं पुण्यात. त्याने बोलण्यातली वऱ्हाडी इतकी घासून काढली होती की मामालाही तो 'आपण बसून घ्या' म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडे एपीआय मॅनेजमेंटचं तयार सॉफ्टवेअर होतं, आणि ज्याच्याकडे जे असतं ते त्याला सगळीकडे बसेलसं वाटतं.

"हे फाटक आहे समजा," तो म्हणाला. "जो माहिती मागेल त्याला किल्ली. कोण आला, किती वेळा आला, किती वेळात उत्तर मिळालं, सगळं पडद्यावर दिसेल."

पडद्यावर निळे-हिरवे आलेख हलायला लागले. हिंमतराव खुश झाले. साहेब लोक आले की दाखवायला काहीतरी झालं.

"फाटक चांगलं आहे," राबिया म्हणाली. "पण आत घर कुठं आहे? तीन याद्या तीन तोंडांनी बोलून राह्यल्या. आधी मध्ये बसून त्यायची गाठ घालून देणारं पाहिजे. फाटक मंग लावू."

"मॅडम, त्याला वेळ लागेल. हे चार दिवसांत उभं राहतं."

"उभं राहीन. काय सांगन?"

हा प्रश्न कुणाला आवडला नाही. फाटक उभं राहिलं. दुकानांची बिलं गजेंद्रच्या माणसांनी टाइप करून घेतली, झटपट आणि बिनचूक, फक्त पुढच्या बाजूची.

पाचव्या दिवशी रुखमाबाई आल्या. शेजारच्या वस्तीवरच्या, दोन एकरांच्या मालकीण, सातबारा स्वतःच्या नावाचा. येताना पराटीची, म्हणजे कपाशीची, किडकी बोंडं पदरात बांधून आणली होती, ती त्यांनी टेबलावर ओतली. राबियाने नाव टाकलं. उत्तर आलं: नोंद नाही.

"काऊन नाई?"

"बिल तुमच्या नावाचं नाई, मावशी."

"पिशव्या उकंडरावानं आणल्या होत्या. दरसाल तोच आणते. तुनंच तर लिवलं असन बिलाच्या मागं." रुखमाबाईंनी एक अळी बोटाने टेबलाखाली उडवली. "मंग माही पराटी कोनाच्या नावानं खाल्ली त्या अळीनं?"

राबियाने उकंडरावांचं नाव टाकून पाहिलं. चार एकरांवर सव्वीस पिशव्या, जिथे एकराला दोन लागतात. म्हणजे रुखमाबाई यादीतून गेल्याच होत्या, आणि उकंडराव शेजाऱ्यांवर उपकार करायला जाऊन लबाड ठरणार होते. अशी किती नावं? तिने याद्या शेजारी ठेवून मोजली. निम्म्याहून जास्त सभासद यादीत नव्हतेच. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी बैठक होती. हिंमतरावांनी तिच्यापुढे कागद सरकवला. ही पद्धत योग्य आहे अशी तांत्रिक शिफारस, खाली तिच्या सहीची जागा.

"मी सही करत नाई."

"राबिया, कामावर कोण कोनाले ठेवते हे ध्यानात हाय ना?"

"हाय, हिंमतभाऊ. खुर्ची काढून घ्या, उभी राहून काम होते. पण ह्या कागदावर माही सही नाई."

तिने सगळ्यांसमोर रुखमाबाईंचं नाव टाकलं. दोन सेकंदांत उत्तर आलं: नोंद नाही.

"पाहा, किती चपळ आहे," ती गजेंद्रला म्हणाली. "चुकीचं उत्तर इतक्या लवकर पुण्यातही मिळत नसन."

"एक बाई राहिली तर नंतर घालू," हिंमतराव म्हणाले.

राबियाने आणखी एक नाव टाकलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. हिंमतराव, वीस एकर. नोंद नाही.

बैठकीत कुणीतरी खोकलं. हिंमतराव कधी बियाण्याच्या दुकानाची पायरी चढले नव्हते. त्यांच्या पिशव्या त्यांचा सालदार नारायण आणायचा, बिल नारायणच्या नावाचं. नारायणला गुंठाभर जमीन नव्हती.

"म्हणजे मी कापूस लावलाच नाई?" अध्यक्ष कडाडले.

"फाटक असंच म्हणून राह्यलं."

गजेंद्रचा चेहरा उतरला. आलेख बंद करून तो वऱ्हाडीत म्हणाला, "मामा, बरोबर हाय तिचं." मला त्या मुलाबद्दल आदर वाटायला लागला तो तिथपासून.

हिंमतरावांनी आठ दिवस दिले. यादी झाली नाही तर शिफारशीवर सही आणि सोबत राजीनामा. राबिया हो म्हणाली.

ते आठ दिवस ती दुकानादुकानांतून फिरली. पहिली बिलपुस्तकं वडिलांची. "बेटा, मागचं कोणी वाचत नाही," गुलाम रसूल म्हणाले. "आता वाचतील," ती म्हणाली. डोणगावच्या एका दुकानदाराने, आमच्या माणसांनी तिथून नेलेल्या पिशव्यांची पुस्तकं द्यायला साफ नकार दिला, तेव्हा ती रुखमाबाईंना घेऊन गेली आणि दोघी त्याच्या दुकानात खतांच्या गोण्यांवर जेवायच्या वेळेपर्यंत बसून राहिल्या. पुस्तकं मिळाली. मग तिने मधला प्रोग्राम लिहिला. तो बिलाची पुढची बाजू घ्यायचा, पाठीवरची नावं घ्यायचा, ती सभासदांच्या यादीत शोधायचा, सातबाऱ्याशी ताडायचा आणि लॉट नंबरासह एकेका माणसाची तक्रार जुळवायचा. जिथे जुळत नव्हतं तिथे उकंडराव शेजारी स्टुलावर बसून सांगत, "ही पिशवी धाकल्या भावाची, ही त्याच्या सासूची." फाटक फेकून दिलं नव्हतं. गजेंद्रने ते उचलून तिच्या प्रोग्रामपुढे लावलं, म्हणजे जिथे लावायला हवं होतं तिथे.

शेवटच्या दिवशी यादी तालुक्याच्या कचेरीत गेली. तिथल्या बाबूने बिल उलटंसुलटं केलं.

"मागच्या बाजूला कोणीही काहीही लिहील. खोटं निघालं तर?"

हिंमतराव छताकडे पाहू लागले. राबियाने यादीचं पहिलं पान ओढलं आणि अगदी वर, ठळक, स्वतःचं पूर्ण नाव लिहून सही केली.

"तर मले धरा. माहं नाव पुढच्या बाजूले हाय."

बाबूने शिक्का मारला. रुखमाबाईंना तक्रारीचा नंबर मिळाला, हिंमतरावांनाही, रांगेत त्यांच्या मागे. भरपाईचं पुढे काय झालं ते मला विचारू नका, माझं तोंड आवरणार नाही. पण तक्रार नव्हतीच असं कुणाला म्हणता आलं नाही.

पुढच्या वर्षी मे संपता संपता गुलाम रसूल यांच्या दुकानापुढे रांग लागली. एका गल्लीतून एक नाही, घराघरांतून माणसं, त्यात बायाच जास्त. सगळ्यांत पुढे रुखमाबाई, एस.टी.ने एकट्या आलेल्या. आता कपाशी पुन्हा कशाला, असं त्यांना रांगेत कुणी विचारलं होतं आणि त्यांच्याकडून चार शब्द ऐकून घेतले होते. राबिया त्या दिवशी वडिलांच्या मदतीला गल्ल्यावर होती. तिने रुखमाबाईंच्या नावाने बिल लिहिलं आणि सवयीने पान उलटलं.

रुखमाबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला.

"मागं काई लिवू नको, पोरी. ते कोरं राहू दे."